लहान घरात जुन्या कपाटाला रंग देताना

चाळीतून इमारतीत राहायला जाताना माणसे पंखे बदलतात, गाद्या बदलतात, मिक्सरही नवा घेतात; लाकडी कपाट मात्र बहुधा बरोबर नेतात. आजोबांच्या हातचे म्हणून, किंवा एवढे भक्कम आता मिळत नाही म्हणून. बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्या १९२०च्या दशकातल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या काही कुटुंबांना तेथून ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांत जाता आले. त्याआधी झोपडपट्टी पुनर्वसन योजनेने अनेकांना २२५ आणि पुढे २६९ चौरस फुटांची घरे दिली. पुण्यातल्या पेठांमधील वाडे पडून त्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींतही हेच घडले. नव्या पांढऱ्या भिंतीशेजारी जुने हिरवे कपाट डोळ्यांना खुपू लागते आणि एखाद्या रविवारी रंगाचा डबा घरात येतो.

कोणता रंग शोभेल, यावर घरात चर्चा पुष्कळ होते. कपाटावर आधीच असलेला रंग कशाचा आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. बंगल्यात हे काम अंगणात होते आणि धूळ वाऱ्यावर जाते. एका खोलीच्या घरात ज्या जागी रंग खरवडायचा, त्याच जागी दोन तासांनी पाने मांडायची असतात आणि रात्री अंथरुणे पडायची असतात. म्हणूनच लहान घरात कपाट रंगवणे हे रंगापेक्षा धुळीचे आणि हवेचे काम आहे.

आधी लाकूड पाहावे

खण पूर्ण बाहेर काढून उलटा करावा, किंवा कपाटाच्या मागच्या बाजूस, जेथे रंग पोहोचलेला नाही तेथे पाहावे. सोनेरी-तपकिरी, किंचित तेलकट स्पर्शाचे आणि घासल्यास चामड्यासारखा वास येणारे लाकूड सागवान असण्याची शक्यता मोठी. काळसर जांभळट झाक असलेले जड लाकूड शिसवी असू शकते. मुंबईतील जुन्या घरांत ब्रह्मदेशातून आलेले सागवान विपुल वापरले गेले आणि त्यावर पुढच्या पिढ्यांनी तेलरंगाचे थर चढवले. असे लाकूड हाती लागल्यास पुन्हा रंग देण्याची घाई करू नये. घराबाहेर, जाणत्या कारागिराकडून जुना रंग उतरवून त्यावर लाखेचे पॉलिश केल्यास तेच कपाट शोभेने आणि किमतीनेही वरचढ ठरते. ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात दुसरे काय विकले जाते?

लाकडास बारीक भोके असून त्यांतून पिठासारखा भुसा पडत असेल, तर कीड जिवंत आहे असे समजावे. तिचा बंदोबस्त होईपर्यंत रंग थांबवावा. वरून रंग दिल्याने आतला किडा मरत नाही, फक्त दिसेनासा होतो.

जुन्या रंगातले शिसे

तेलरंगाशी शिशाचे नाते फार जुने आहे. मराठीत ज्याला सफेता म्हणत आले ते मूळचे शिशाचे पांढरे चूर्ण. शेंदूर म्हणजे शिशाचीच तांबडी भस्मरूप अवस्था. लोखंडाला गंज धरू नये म्हणून पहिला हात याच रंगाचा देत असत. जवसाचे तेल लवकर वाळावे म्हणून त्यात मुरदाडशिंग घालून उकळत, तेही शिसेच. पुढे पांढऱ्या रंगातला सफेता गेला आणि त्याची जागा टायटॅनियमने घेतली, परंतु पिवळा, नारिंगी, लाल आणि हिरवा या रंगछटांत शिशाचे क्रोमेट राहिले. रंग तजेलदार दिसतो, उन्हात टिकतो आणि स्वस्त पडतो, ही त्यामागची कारणे. आपल्या घरातले हिरवे कपाट आणि पिवळे फडताळ नेमके याच यादीतले.

अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आणली. भारतात घरगुती व शोभेच्या रंगांसाठीचे बंधनकारक नियम नोव्हेंबर २०१६ मध्ये अधिसूचित झाले आणि वर्षभराने, नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यांनुसार रंगातील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून, म्हणजेच किलोमागे ९० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. त्याआधीच्या प्रत्येक डब्यात शिसे होतेच असे नव्हे. पण नव्हते असे धरून चालण्यास आधारही नाही. २०१७ पूर्वी तेलरंगाने रंगवलेल्या कोणत्याही वस्तूकडे संशयानेच पाहावे, हे उत्तम. खात्री हवी असल्यास रंगाची लहानशी खपली एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तपासता येते. घरात लहान मूल असेल, तर हा खर्च कपाटाच्या नव्या कड्याकोयंड्यांपेक्षा अधिक उपयोगाचा आहे.

शाबूत असलेला रंग कपाटावर राहून कोणाला अपाय करत नाही. तो खरवडला, कोरडा घासला किंवा जाळून काढला की शिसे धुळीतून आणि धुरातून मोकळे होते. ही धूळ जमिनीवर बसते, तेथून रांगत्या मुलाच्या हाताला लागते आणि हातावरून तोंडात जाते. पोटात गेलेल्या शिशापैकी मुलांचे शरीर प्रौढांच्या चार ते पाच पट अधिक शिसे शोषून घेते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तातील शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असेही तिचे म्हणणे आहे. परिणाम होतो तो मेंदूच्या वाढीवर. ताप येत नाही, पुरळ उठत नाही. मूल अभ्यासात मागे पडते, चिडचिडे होते आणि रक्त तपासल्याखेरीज कारण कळत नाही. गर्भवतीच्या शरीरातील शिसे गर्भापर्यंत पोहोचते, हेही येथे लक्षात ठेवावयास हवे. याचे कारण म्हणजे आपल्याकडे लेक बाळंतपणासाठी माहेरी येणार म्हटले की घर नीटनेटके करण्याचे काम नेमके तेव्हाच निघते.

पाळण्याचा प्रश्न

त्याच सुमारास माळ्यावरून आणखी एक वस्तू खाली येते. घराण्यातला लाकडी पाळणा. वडील त्यात झोपले, आत्या झोपली, आता बारशाला तोच हवा, असा आग्रह असतो. आणि दर बारशाला रंगाचा एक नवा हात मिळत मिळत त्यावर चार-पाच थर जमलेले असतात. दात येऊ लागलेले मूल पाळण्याचा कठडा चावते. वरचा थर नवा, बिनशिशाचा असला तरी चावताना आणि आपटताना टवका उडतो तो सगळ्या थरांचा.

अशा पाळण्यावर आणखी रंग चढवण्यात अर्थ नाही. तो घराबाहेर नेऊन, पूर्ण रंग उतरवून घ्यावा. नंतर स्पिरिटमध्ये भिजवलेल्या चपडा लाखेचे पातळ हात द्यावेत आणि स्पिरिटचा वास पूर्ण जाईपर्यंत पाळणा हवेशीर जागी ठेवावा. वाळलेली लाख औषधाच्या गोळ्यांवरही आवरण म्हणून वापरतात. ते जमणार नसेल, तर बारशाच्या दिवशी पाळणा फुलांनी सजवून समारंभ साजरा करावा आणि बाळाला झोपवण्यासाठी दुसरी सोय करावी. वडीलधाऱ्यांना ही गोष्ट सांगणे रंग उतरवण्यापेक्षा अवघड असते, हे मान्य.

घासणे आवश्यक, पण ओले

कपाटावरचा रंग जागोजागी सुटलेला नसेल, तर तो उतरवण्याची मुळीच गरज नाही. जुन्या रंगावर नवा रंग उत्तम बसतो. त्यासाठी जुन्याची चकाकी तेवढी मोडावी लागते. बहुतेक घरांत येथेच चूक होते. रंगारी कोरडा पॉलिश पेपर घेऊन लाकूड दिसेपर्यंत घासतो आणि काम झटून झाल्याचे समाधान मालकाला मिळते. यंत्राने घासले तर धूळ पंख्याच्या पात्यांवरही सापडते. ब्लो लॅम्पच्या ज्योतीने रंग फुगवून काढण्याची जुनी रीत तर बंद खोलीत कदापि चालू देऊ नये.

आधी धुण्याचा सोडा किंवा कपड्यांची पावडर कोमट पाण्यात घालून त्या पाण्याने कपाट पुसावे. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या कपाटावर फोडणीच्या धुराचा चिकट थर असतो आणि त्यावर कोणताही रंग धरत नाही. नंतर स्वच्छ पाण्याचा बोळा फिरवून वाळू द्यावे. मग वॉटर पेपर, साधारण २२० क्रमांकाचा, पाण्यात बुडवून हलक्या हाताने फिरवावा. चकाकी जाऊन पृष्ठभाग मंद दिसू लागला की थांबावे. जो चिखल निघेल तो वाळण्याआधीच कागदाने किंवा टाकाऊ फडक्याने टिपून प्लास्टिकच्या पिशवीत बांधावा. त्याला मोरीची वाट दाखवू नये.

जमिनीवर जाड प्लास्टिक अंथरलेले असावे. काम संपल्यावर झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसावे. झाडूने बसलेली धूळ उठते आणि घरातला साधा व्हॅक्यूम क्लीनर अतिसूक्ष्म कण मागच्या बाजूने पुन्हा खोलीत सोडतो. नाकावर रुमाल बांधणे पुरेसे नाही, एन-९५ दर्जाचा मास्क लावावा. अंगावरचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत. मुलांना आणि गर्भवती स्त्रीला या दिवशी घरातच ठेवून दार लोटून घेणे म्हणजे काहीच न करणे होय. त्यांनी दोन दिवस नातेवाइकांकडे राहावे.

जागा कोठून आणायची?

मजल्यावरचा सामाईक मार्ग ही पहिली सोयीची जागा वाटते. तो आपत्तीच्या वेळी बाहेर पडण्याचा रस्ता असल्याने तेथे सामान मांडणे योग्य नव्हे. गच्चीवर सोसायटीच्या परवानगीने काम करता येते, मात्र भर उन्हात नको. वरचा पापुद्रा आधी वाळतो, आतला ओला राहतो आणि रंगाला सुरकुत्या पडतात.

घरातच करायचे तर कपाट एकसंध वस्तू मानू नये. दारे आणि खण काढून घ्यावेत. बिजागऱ्यांचे स्क्रू वेगवेगळ्या पुड्यांत घालून वर खूण लिहावी. दारे दोन स्टुलांवर आडवी ठेवून रंगवल्यास ओघळ येत नाहीत आणि जागाही थोडी लागते. सांगाडा भिंतीपासून दोन फूट पुढे ओढावा आणि खिडकीसमोरची बाजू आधी करावी. पहिल्या दिवशी दारे, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सांगाडा, असे दोन टप्प्यांत केले तर माणसांना घरात वावरता येते. पंखा खिडकीकडे तोंड करून ठेवावा, म्हणजे खोलीतली हवा बाहेर ढकलली जाते. डोक्यावरचा पंखा रंग ओला असताना बंद ठेवलेला बरा, नाहीतर खोलीतली सारी धूळ रंगावर येऊन बसते.

थिनर आणि टर्पेंटाइन वापरणार असल्यास आणखी एक दक्षता हवी. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत पसरते. लहान घरात स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघरातला गॅस गीझर, मच्छरांची अगरबत्ती आणि देवघरातले निरांजन ही सगळी चार पावलांवर असतात. त्या दिवशी सांजवात लावू नये असे लिहिणे जिवावर येते, पण वास जाईपर्यंत लावू नये हेच खरे.

तेलाचा की पाण्याचा?

तेलाच्या एनॅमलची चकाकी जास्त, पृष्ठभाग कडक, किंमत माफक. त्याचा वास मात्र अनेक दिवस रेंगाळतो. शिवाय पांढरा तेलरंग अंधारात पिवळा पडतो. कपाट बाहेरून शुभ्र आणि आतून हळदीचे बोट लागल्यासारखे दिसते, ते यामुळेच. पाण्यात मिसळणारी एनॅमले आता मोठ्या कंपन्यांच्या दुकानांत सहज मिळतात. वास कमी, ब्रश पाण्याने धुता येतो, दुसरा हात तीन-चार तासांनी देता येतो. चकाकी थोडी मंद असते. एक-दोन खोल्यांच्या राहत्या घरासाठी आम्ही यांचीच शिफारस करू. जेथे रंगाशेजारीच झोपायचे आहे, तेथे चकाकीचा हट्ट सोडावा.

मात्र हा रंग सागवानावर किंवा जुन्या लाल पॉलिशवर थेट दिल्यास दोन दिवसांत तपकिरी डाग वर उमटतात. लाकडातली तेलद्रव्ये आणि पॉलिशमधला रंग पाण्यासोबत वर येतात. त्यावर आणखी हात देत राहणे व्यर्थ. आधी चपडा लाखेचा एक पातळ हात देऊन लाकूड बंद करावे आणि मग अस्तर लावावे.

डब्यावर शिशाचे प्रमाण ९० भागांच्या मर्यादेत असल्याचा उल्लेख पाहूनच डबा घ्यावा. नियम लागू झाल्यानंतरही लहान उत्पादकांच्या काही रंगांत शिसे मर्यादेपेक्षा जास्त सापडल्याचे दिल्लीतील टॉक्सिक्स लिंक या संस्थेच्या तपासण्यांत दिसले होते. २०१६ चे नियम घरगुती व शोभेच्या रंगांपुरते आहेत; उद्योगांसाठी बनवलेले रंग त्यांत येत नाहीत. त्यामुळे ओळखीच्या कारखान्यातून किंवा गॅरेजमधून आणलेला उरलासुरला रंग घरातल्या कपाटाला लावू नये.

प्रमाणाचा हिशेब सोपा आहे. सहा फूट उंच, तीन फूट रुंद आणि दीड फूट खोल कपाटाच्या दर्शनी तीन बाजू व माथा मिळून सुमारे ४० चौरस फूट होतात. एक लिटर एनॅमल गुळगुळीत पृष्ठभागावर एका हाताला साधारण दीडशे चौरस फूट पुरते. म्हणजे बाहेरून दोन हातांसाठी अर्ध्या लिटरहून किंचित अधिक रंग लागतो. दारे आतूनही रंगवायची असल्यास एक लिटर. चार लिटरचा डबा स्वस्त पडतो म्हणून घेतला, तर पुढची पाच वर्षे तो माळ्यावर जागा अडवतो.

टवके आणि खड्डे लांबीने भरून, वाळल्यावर ओल्या पेपरने सपाट करून, अस्तराचा एक हात द्यावा. त्यावर पातळ दोन हात. एक जाड हात दोन पातळ हातांची जागा घेऊ शकत नाही. दाराच्या कडांवर तर रंग अगदीच कमी लावावा. आधीच अनेक थर चढलेल्या कपाटाची दारे नव्या थराने बसेनाशी होतात.

लोखंडी कपाटाची रीत थोडी वेगळी. त्याचा मूळ रंग कारखान्यात भट्टीत भाजून पक्का केलेला असतो आणि घरी ब्रशने तो गुळगुळीतपणा येत नाही. गंज घासून, धातूचे अस्तर देऊन दोन हात दिले की काम भागते. सनमायका लावलेल्या प्लायवूडवर साधे अस्तर धरत नाही, चकचकीत पृष्ठभागाला चिकटणारे खास अस्तर विचारून घ्यावे लागते.

ऑक्टोबरचे दिवस

मुंबईतून पाऊस माघारी फिरण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. त्यानंतरचा ऊन-वाऱ्याचा पंधरवडा या कामास सर्वांत चांगला. पावसाळ्यात लाकूड फुगलेले असते, रंग वाळत नाही आणि लाखेच्या पॉलिशवर पांढुरका धुरकटपणा येतो. पावसात घट्ट झालेले दार रंधून घेतले, तर उन्हाळ्यात त्याच दारात फट पडते.

अडचण अशी की, रंगकाम दिवाळीच्या आदल्या आठवड्यात निघते. रंग हाताला सुका लागणे आणि तो पक्का होणे यांत अंतर आहे. तेलाचा असो वा पाण्याचा, पूर्ण कडक होण्यास त्यास दोन आठवड्यांच्या आसपास अवधी लागतो. धनत्रयोदशीला रंगवलेल्या कपाटात भाऊबीजेला साड्या रचल्या, तर त्या चिकटतात. फळ्यांवर वर्तमानपत्र अंथरण्याचीही घाई नको. ओलसर रंगावर कागद असा बसतो की, काढताना अर्धा अंक फळीवरच राहतो आणि बातम्या उलट्या अक्षरांत वाचाव्या लागतात.

उरलेला रंग घट्ट झाकण लावून, नाव व तारीख लिहून ठेवावा. रिकामे डबे घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी घरगुती घातक कचऱ्यात धरले होते. ते आणि घासलेल्या चिखलाची पिशवी ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता वेगळी द्यावीत. बेलतेलात, म्हणजे जवसाच्या उकळलेल्या तेलात भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळ्याच्या पोटात ती साठली की फडके काडी न लावताही पेट घेते. अशी फडकी खिडकीबाहेरच्या दोरीवर एकेक पसरून वाळवावीत, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावून ठेवावीत.